वजनकाटा आतल्या खोलीत ठेवा : बाळंतिणींची ओसरी गावात कशी सुरू करावी

पहिल्या गुरुवारी अकरा जणी आल्या. दुसऱ्या गुरुवारी चार. तिसऱ्या गुरुवारी मी, माझी सतरंजी आणि वजनकाटा, एवढेच ओसरीवर होतो.

३१ वर्षं नंदुरबार जिल्ह्यात उपकेंद्रांवर नर्सबाई म्हणून काढली. रिटायर होऊन सासरच्या गावी, पारोळा तालुक्यात बोरीकाठी, राहायला आले. बाळंतिणींना काय लागतं ते आपल्यापेक्षा जास्त कुणाला कळणार, असा माझा समज होता. २०२१ ची दिवाळी आटोपली आणि गावातल्या बाळंतिणींनी दर गुरुवारी येऊन बसावं म्हणून मी ओसरी झाडून काढली, आढ्याला काटा टांगला. बाई आली की बाळ झोळीत, आकडा वहीत, आणि लगेच माझं सुरू : वजन का थांबलं, वरचं काय देतेस, दुसऱ्याची घाई करू नकोस. चौथ्या आठवड्यात गिरणीवर दळण घेऊन गेले, तर एका सासूने तोंडावर विचारलं, "बाई, तुम्ही रिटायर झाल्या ना? मग तपासणी कशाची चालू आहे अजून?"

लागलं, पण खरं होतं. चारचौघींत बाळाचा आकडा कमी निघाला की तो बाळाचा राहत नाही, आईचा होतो. घरी गेल्यावर तोच आकडा तिला भाकरीबरोबर वाढला जातो. त्या दिवशी मी काटा आतल्या खोलीत नेला. जिला बघायचं असेल ती बाळ घेऊन आत येते, दार लोटते, आकडा दोघींतच राहतो. तेव्हापासून ओसरी चालू आहे. आसपासच्या गावांतून चौकशा येतात, "आमच्याकडे कसं सुरू करायचं?" म्हणून हे लिहिते आहे.

जागा

जागा फुकट मिळते म्हणून घेऊ नका. आम्हाला आधी मारुतीच्या देवळाचा ओटा देऊ केला होता. मोठा, गार, पंखा असलेला. पण सव्वा महिना होईपर्यंत बाळंतीण देवळाची पायरी चढत नाही, आणि जिला सगळ्यात जास्त गरज ती नेमकी याच सव्वा महिन्यातली. हे बरोबर की चूक यावर वाद घालायला आयुष्य पडलं आहे. तोवर जागा दुसरी बघा.

ग्रामपंचायतीचा हॉलही नको. तिथे कुणीतरी दाखल्यासाठी बसलेलंच असतं आणि पदराआड पाजायला कोपरा सापडत नाही.

राहिली कुणाची तरी ओसरी. तिथेही एक गोम आहे. पाटील गल्लीतल्या ओसरीवर भिलाटीतली, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतली, बाई चढत नाही. तुम्ही दहा वेळा बोलावलंत तरी ती "येते ना बाई" म्हणेल आणि येणार नाही. माझं घर गल्लीच्या टोकाला, भिलाटीच्या रस्त्यावर आहे, तरीही पहिले पाच महिने तिकडून एकच जण आली आणि ती पायरीवर बसली. मी पण पायरीवर बसले. बाकीच्याही हळूहळू खाली सरकल्या. पुढे आम्ही एक गुरुवार ओसरीवर आणि एक भिलाटीतल्या निंबाखाली असं ठरवलं. गावाला थोडं खटकलं. खटकू द्या.

ही युक्ती काही माझ्या डोक्यातली नाही. ताराबाई मोडकांनी बोर्डीला १९४५ मध्ये ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा मुलं शाळेकडे येत नाहीत हे पाहून शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली होती. अंगणवाडी हा शब्द तिथला. सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना आली ती २ ऑक्टोबर १९७५ ला, ३३ प्रकल्पांत. योजना मोठी झाली, इमारती झाल्या, रजिस्टरं झाली, आणि अंगण तेवढं मागे पडलं.

वार आणि वेळ

बाजाराचा दिवस धरा. आमच्याकडे मजुरी बाजाराच्या दिवशी मिळते, त्या दिवशी शेतात कुणी जात नाही, म्हणून गुरुवार. दसऱ्यापासून कापूस वेचणी सुरू झाली की इतर दिवशी दुपारी गावात म्हातारी माणसं आणि कुत्री एवढीच असतात. तीन महिन्यांच्या लेकराची आईसुद्धा वेचायला जाते, बाळ बांधावर झोळीत. तिला "घरी थांब" सांगायचा हक्क मला नाही, कारण किलोमागे मिळणारे पैसे मी देत नाही.

वेळ दुपारी दोन ते चार. भांडी झालेली, संध्याकाळचा चुलीचा वेळ झालेला नाही. एप्रिल-मे मध्ये मात्र सकाळी आठ ते साडेनऊ. आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा दुपारी ओल्या बाळंतिणीला उन्हातून चालवत आणणं पाप आहे.

उशिरा आलीस म्हणून कुणाला बोलायचं नाही. बाळ जिचं, वेळ तिची.

सामान

दोन सतरंज्या, एक मोठी गोधडी, माठ, तांब्या, चार पेले, हात धुवायला बादली आणि साबण. जुनं लुगडं आडवं बांधलं की पाजायचा कोपरा तयार. एक खुर्ची, तिचं काम पुढे येईल. खेळणी विकत आणू नका. स्टीलच्या वाट्या, लाकडी चमचे, बाटलीत ज्वारीचे दाणे घालून झाकण चिकटवलेला खुळखुळा, कापडाचा चेंडू. चिंचोके, शेंगदाणे, बटणं, नाणी खाली दिसली की उचला. रांगतं लेकरू जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं आणि शेंगदाणा श्वासनळीत गेला तर दवाखाना गाठेपर्यंत वेळ मिळत नाही.

मला सुरुवातीला दोन हजाराच्या आत खर्च आला. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत हा विषय नाव घेऊन मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. आमच्याकडे पहिल्या वर्षी "बघू", दुसऱ्या वर्षी एक पंखा. तुम्हाला कदाचित लवकर मिळेल.

पहिला प्रश्न

आलेल्या बाईला काय विचारायचं, याला मी फार महत्त्व देते. "बाळ कसं आहे?" विचारू नका. ते सगळेच विचारतात. आमच्याकडे विचारतात, "ये व माय, बठ. तू जेवनी का?"

अर्ध्या जणी जेवलेल्या नसतात. बाळ रडलं, पाहुणे आले, मग भूकच मेली. म्हणून ओसरीवर डब्यात भाकरी आणि काहीतरी कोरडं असतंच. कळण्याची भाकरी, ठेचा (पाजणाऱ्या बाईने तिखट खाल्लं की बाळाचं पोट दुखतं, यात तथ्य नाही, तरी ज्यांना नको त्यांना दाण्याची चटणी), हिवाळ्यात भरीत. धडगावकडे नोकरी करताना मी एक गोष्ट पाहिली होती. २०१५ पासून आदिवासी भागात अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा बायांना अंगणवाडीत दिवसातून एक वेळ गरम जेवण मिळतं. ज्या बाया सल्ल्याला येत नसत, त्या जेवायला यायच्या, आणि भाकरी मोडता मोडता जे बोलायच्या ते मला वर्षानुवर्षं घरभेटींत ऐकायला मिळालं नव्हतं.

जेवण झालं की बाळ दुसऱ्या कुणाकडे द्यायचं. आईने दहा मिनिटं पाय पसरून बसायचं. बस, एवढाच कार्यक्रम. बाकीचं आपोआप निघतं.

सासूची खुर्ची

खुर्ची सासूसाठी. ओसरीवर सून एकटी येते त्या घरात दुसऱ्याच दिवशी "तिथे काय शिकवतात?" सुरू होतं. सासू बरोबर आली, मानाने बसली, तिच्या चार बाळंतपणांच्या गोष्टी आपण नीट ऐकल्या, की ती आपली होते. माझा अनुभव असा की सासवांना शत्रू ठरवून आरोग्य खात्याने फार नुकसान करून घेतलं.

जुन्या गोष्टींचे मी तीन ढीग करते. काही चांगल्या : तेलाची मालीश, डिंक-मेथीचे लाडू, बाळंतिणीने सव्वा महिना जड न उचलणं. काही निरुपद्रवी : तीट, काळा दोरा (गळ्यात नको, पायात), सटीच्या रात्री पाटीवर कोरा कागद ठेवणं. त्यांच्या वाटेला जाऊ नका. तिसरा ढीग नडणारा : डोळ्यांत काजळ, नाका-कानांत तेल, बंद खोलीत धुरी, नाळेवर काहीही लावणं, पहिलं चीक दूध पिळून फेकणं, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवणं. या तिसऱ्या ढिगावरच शक्ती खर्च करा, आणि तीही स्वतः बोलून नाही. ज्या सासूने आपल्या नातवाला चीक दूध पाजू दिलं, तिला सांगायला लावा. माझ्या ३१ वर्षांच्या नोकरीपेक्षा तिच्या एका नातवाला जास्त वजन आहे.

मे महिन्यातलं पाणी

यावर जरा थांबते, कारण खान्देशात दर उन्हाळ्यात हा प्रश्न येतो.

मे महिना, सकाळचे साडेआठ, पत्रा आत्ताच तापलेला. तीन महिन्यांचं बाळ घेऊन एक सून आली, मागे सासू. सासूच्या पिशवीत बाटली, बाटलीत उकळून गार केलेलं पाणी. "पोऱ्याले तीस लागस ना व बाई," सासू म्हणाली. वाईट काही नव्हतं तिच्या मनात. स्वतःच्या घशाला कोरड पडते, मग बाळाच्या पडणार नाही का? सून खाली मान घालून म्हणाली, "मन्हं दूध पुरस नई."

आईचं दूध म्हणजे बहुतांश पाणीच असतं, आणि सहा महिन्यांपर्यंत, ४५ च्या पाऱ्यातसुद्धा, वेगळं पाणी लागत नाही. वरचं पाणी दिलं की इवलंसं पोट पाण्याने भरतं, बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी बनतं. मग खरंच पुरत नाही. वर बाटलीतून जुलाब येतात ते वेगळेच. हे सगळं मला तोंडपाठ आहे, पण ते न सांगता मी सासूला विचारलं, "काल दोरीवर लंगोटं किती वाळत होती?"

ती मोजायला लागली. सकाळचं एक, पाजल्यावर एक, दुपारी झोपेतून उठल्यावर... बोटं चारवर थांबली. मी म्हटलं, आठ दिवस पाणी बंद करा. पोराला तहान लागली असं वाटलं की त्याला आईकडे द्या आणि आईच्या हातात तांब्या द्या. लंगोटं तुम्ही मोजा. सून नाही, तुम्ही.

पुढच्या गुरुवारी सासू पायरीवरूनच बोलली, "सात व्हयनात!" चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा ओलं होत असेल, लघवी फिकट असेल, तर दूध पुरतंय. हे मोजमाप कुठल्याही घरी होतं, काटा लागत नाही, आणि मोजणारी सासू असली तर तिला आपला विजय वाटतो. बाटली मी मागितली नाही. ती त्यांनीच कुठेतरी ठेवून दिली असावी.

आठ दिवसांत लंगोटांचा आकडा चढला नसता तर मी त्यांना आतल्या खोलीत नेलं असतं आणि तिथून प्राथमिक आरोग्य केंद्रात. ओसरी म्हणजे दवाखान्याला पर्याय नव्हे, हे स्वतःला बजावत राहावं लागतं.

सहा महिने झाले की

केळीच्या जिल्ह्यात राहून आम्ही लेकराला केळं देत नाही. "थंड असतं, सर्दी होते." रावेर-यावलकडून ट्रक भरभरून उत्तरेत जातात आणि इथे सहा महिन्यांच्या पोराला चहात बुडवलेलं बिस्कीट. मला याचा राग येतो, तो मी लपवत नाही. पिकलेलं केळं वाटीत चमच्याने कुस्करा, चालू करा.

बाकी वेगळं काही शिजवायची गरज नाही. तिखट घालण्याआधी वरण बाजूला काढा, त्यात मऊ भात किंवा बट्टीचा आतला भाग कुस्करा, वर तूप किंवा कच्चं तेल चमचाभर. पातळ पाणी नको. चमचा तिरका केला तर ओघळू नये, चिकटून राहावं. सुरुवातीला दोन-तीन चमचे, मग सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, नऊपासून तीन-चार वेळा, आणि आईचं दूध दोन वर्षांपर्यंत चालूच. अंगणवाडीतून घरपोच मिळणारं पाकीट कोंबड्यांना जातं, हे मला माहीत आहे. ते भाजून, गूळ घालून कसं लागतं, ते ओसरीवर एकदा करून दाखवा. आमच्या ओसरीवर लाडू वळून झाल्यावर आयांनीच संपवले. हरकत नाही.

बाप

बाप ओसरीवर येत नाहीत. दोन वर्षं बोलावून पाहिलं, मग सोडून दिलं आणि त्यांच्याकडे काम पाठवायला सुरुवात केली. काम दिलं की बाप येतो. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची, हे बापाचं काम. मातृवंदना योजनेचे कागद, म्हणजे आधार, बँकेचं पासबुक, माता-बाल संरक्षण कार्ड, हे गोळा करून आशाताईकडे नेणं बापाचं काम. पहिल्या बाळासाठी या योजनेत ५,००० रुपये दोन हप्त्यांत आईच्या खात्यात येतात. दुसरी मुलगी झाली तर ६,००० एकरकमी. दुसऱ्या मुलीवर तोंड पाडून बसलेल्या घरात हा आकडा मी जरा मोठ्याने सांगते.

तिसरं काम झोळी बांधणं. जुन्या लुगड्याची झोळी आढ्याला बांधायची, गाठ ओढून स्वतः लोंबकळून बघायची. हे शिकवायला गावातल्या एका सलूनवाल्या पोराला तयार केलं. रविवारी त्याच्या दुकानात बापांची रांग असतेच. तिथे कटिंग होता होता बोलणं होतं. "रात्री तू उठतोस का?" हा प्रश्न मी विचारला तर हसतात. त्याने वस्तरा मानेवर ठेवून विचारला की उत्तर देतात.

जी गप्प बसते

बाळंतपणानंतर पहिले आठ-पंधरा दिवस उगाच रडू येतं. बहुतेकींना येतं आणि जातं. पण दोन आठवड्यांनंतरही जी बाळाकडे बघत नाही, झोप मिळाली तरी झोपत नाही, "माझ्याशिवाय तुमचं बरं चालेल" असं काही बोलते, तिला "बाहेरचं झालंय" म्हणून भगताकडे नेण्याआधी आपल्याकडे यायला हवं.

अशी एक होती. दुसरी मुलगी झालेली. तिच्या वेणीत तेल नव्हतं, एवढंच मला आधी दिसलं. तीन गुरुवार ती कोपऱ्यात बसली, बाळ दुसऱ्याच कुणाच्या तरी मांडीवर. चौथ्या वेळी मी तिच्या मागे बसून वेणी घालायला घेतली. तोंड दिसत नसलं की माणूस बोलतो. जे बोलली ते इथे लिहिणार नाही. तिच्या घरच्यांना त्याच संध्याकाळी सांगितलं की हिला एकटी सोडू नका, आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतः बरोबर जाऊन डॉक्टरांना दाखवलं. औषध सुरू झालं. चार महिने लागले.

मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. तो आमच्या माठावर खडूने लिहिला आहे. भिंतीवर लिहिला असता तर त्याच्याकडे बघणारी बाई लगेच दिसली असती. पाणी प्यायला तर सगळ्याच वाकतात.

थांबायचं नाही अशा वेळा

ही यादी मात्र पाठ करा, ओसरी चालवणाऱ्या प्रत्येकीने. बाळ ओढायचं बंद झालं, अंग फार तापलं किंवा गार पडलं, छाती आत ओढत श्वास घेतंय, दोन महिन्यांच्या आतलं बाळ शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेतंय, झटके आले, तळहात-तळपाय पिवळे दिसले, नाळेतून पू किंवा रक्त. आईला : कापडावर कापड भिजतंय, थंडी वाजून ताप, डोकं फुटेल असं दुखून डोळ्यांपुढे अंधारी, एकाच पायाला सूज आणि ठणका. यातलं एकही दिसलं की चर्चा नाही. गरोदर, बाळंतीण आणि तान्ह्या बाळासाठी १०२, कुठलीही आणीबाणी असली तर १०८. सरकारी दवाखान्यात बाळंतपण आणि वर्षभराच्या आतल्या बाळाचे उपचार मोफत आहेत, पैशासाठी थांबू नका.

जुलाब लागले तर मीठ-साखरेचं, म्हणजे ओआरएसचं, पाकीट लिटरभर पाण्यात, अख्खं, आणि झिंकची गोळी चौदा दिवस. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले म्हणून गोळी थांबवतात, ते करू नका.

एकदा एका दवाखान्यात मी रात्री अकराला एक बाळ घेऊन गेले, तर "आता आणलं? सकाळी काय करत होत्या?" असं त्या पोरीला सगळ्यांसमोर ऐकवलं. पुढच्या वेळी तीच पोर ताप अंगावर काढत दोन दिवस घरी राहिली. म्हणून मी आता बरोबर जाते किंवा कुणाला तरी पाठवते. बोलणी खायला एक जास्तीचं माणूस.

आशाताई आणि सेविकाताई

त्यांना न विचारता सुरू करू नका. मी केली होती ती चूक. अंगणवाडीच्या सेविकेला वाटलं, रिटायर बाई आपल्यावर नजर ठेवायला आली. तिच्याकडे आधीच रजिस्टरं, मोबाइलवरच्या नोंदी, आहाराचा हिशेब, वर सभा. तिला सांगा की ओसरीची कुठलीही नोंद वर जाणार नाही. लसीकरणाच्या आणि ग्राम आरोग्य पोषण दिवसाच्या आठवड्यात आम्ही ओसरी बंद ठेवतो आणि सगळ्या मिळून अंगणवाडीत जातो.

आशाताई दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. गावातली शिकवलेली बाई घरी जाऊन नवजात बाळ वाचवू शकते, हे डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत करून दाखवलं, १९९९ मध्ये जगासमोर मांडलं. पण बेचाळिसाव्या दिवसानंतर तिची पुढची भेट थेट तिसऱ्या महिन्याला. मधली ती पोकळी ओसरीने भरावी. पाहुणे गेलेले असतात, माहेराहून सासरी यायची वेळ तेव्हाच येते, आणि बाई खरी एकटी पडते ती तेव्हा.

दंडाची पट्टी आतल्या खोलीत काट्याशेजारी आहे. सहा महिन्यांपुढच्या लेकराचा दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, पट्टीचा लाल भाग, म्हणजे त्याच दिवशी सेविकेला सांगणं. साडेबाराच्या खाली पिवळा, त्याच्यावर लक्ष.

दसऱ्यानंतर

आमच्याकडची काही घरं दसरा झाला की ऊसतोडीला निघतात, काही सुरत-बारडोलीकडे. ट्रॅक्टर भरायच्या आदल्या गुरुवारी एकच काम : प्रत्येकीचं माता-बाल कार्ड जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड मेणबत्तीने चिकटवायचं, आणि ते भांड्यांच्या पोत्यात नाही, कपड्यांच्या गाठोड्यात ठेवायचं. भांड्यांचं पोतं ओलं होतं. पुढची लस कुठली ते कार्डाच्या मागे पेन्सिलने मोठं लिहा. जिथे फड असेल तिथल्या अंगणवाडीत कार्ड दाखवलं की लस आणि आहार मागता येतो. जाणाऱ्यांची नावं सेविकेकडे द्या.

न आलेल्यांची वही

हजेरी मी ठेवत नाही. माझ्या वहीत जी आली नाही तिचंच नाव असतं. दोन गुरुवार लागोपाठ नाव आलं की शुक्रवारी सकाळी मी तिच्या दारात, हातात वाटी, "विरजण आहे का ग थोडं?" ओसरीचा विषय काढायचा नाही. विरजण मिळेपर्यंत घरात काय चाललंय ते दिसतं. दोरीवर लंगोटं किती, चुलीजवळ कोण, बाळ कुणाकडे. एकदा तर विरजण द्यायला आलेली सासूच म्हणाली, "बाई, तुमच्या घरी रोज दही नासतं का?"

त्या सासूची सून पुढच्या गुरुवारी आली. हातात विरजणाची मोठी बरणी होती, सासूने पाठवलेली.